जायरोट्रॉन डमी लोडवर नीट चालतो, प्लाझ्मा शॉटमध्ये ट्रिप होतो: आधी काय घडलं ते कसं शोधायचं

लक्षण असं. सकाळी जायरोट्रॉन, म्हणजे प्लाझ्मा तापवायला मोठ्या शक्तीच्या मायक्रोवेव्ह देणारी ट्यूब, डमी लोडवर (ती पॉवर शोषून घेणाऱ्या खोट्या भारावर) चालवला. ५० किलोव्होल्ट, २० अँपिअर, अर्ध्या सेकंदाचे पल्स, एकही ट्रिप (संरक्षणाने पुरवठा तोडणं) नाही. दुपारी तीच लाइन टोकामॅककडे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणाऱ्या यंत्राकडे, वळवली, सेंट्रल टायमिंगचा ट्रिगर घेतला आणि पहिल्याच शॉटला हाय व्होल्टेज खाली. पडद्यावर लाल ओळींची रांग: कॅव्हिटीचं पाणी कमी, आर्क, ट्यूबमधलं निर्वात राखणाऱ्या आयन पंपाचा करंट जास्त, क्रोबार (हाय व्होल्टेज झटकन शॉर्ट करणारा स्विच) फायर. रिसेट मारला, पुन्हा शॉट, पुन्हा ट्रिप. पाण्याची टीम येऊन पंप तपासते, पंप ठणठणीत असतो. ट्यूबची विंडो, म्हणजे मायक्रोवेव्ह बाहेर पडते ती खिडकी, तपासली तर आर्कचा डाग नाही. चार दिवस बरे जातात, मग कुठलंसं मेंटेनन्स होतं आणि दुखणं परत येतं.

ज्यांच्याकडे अशा सिस्टिमचं कंट्रोल आणि इन्स्ट्रुमेंटेशन आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं ईसीआरएचची, म्हणजे इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन रेझोनन्स हीटिंगची आहेत. क्लायस्ट्रॉन या दुसऱ्या मायक्रोवेव्ह ट्यूबवर चालणाऱ्या लोअर हायब्रिड (प्लाझ्मात करंट चालवणाऱ्या) सिस्टिमलाही यातलं बहुतेक लागू पडतं.

शॉटमध्येच का

इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन वारंवारता दर टेस्लाला सुमारे २८ गिगाहर्ट्झ असते. म्हणून गांधीनगरजवळ भाट इथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत एसएसटी-१ या टोकामॅकसाठी ४२ गिगाहर्ट्झचा, ५०० किलोवॅटचा जायरोट्रॉन आहे, १.५ टेस्लाला मूलभूत रेझोनन्स तिथेच पडतो. अतिसंवाहक टोकामॅकमध्ये लूप व्होल्टेज (यंत्राभोवती एका फेऱ्यात तयार होणारं व्होल्टेज) हवं तेवढं वाढवता येत नाही. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या इटर टोकामॅकमध्ये ब्रेकडाउनच्या (वायूचा प्लाझ्मा होण्याच्या) वेळचं विद्युत क्षेत्र दर मीटरला ०.३ व्होल्टच्या आसपासच असणार आहे. एवढ्यावर वायूचं आयनीभवन खात्रीने होत नाही, म्हणून मायक्रोवेव्ह आधी सोडतात आणि ती चालू असतानाच ओहमिक ट्रान्सफॉर्मरचा (प्लाझ्मात करंट निर्माण करणाऱ्या कॉइलचा) करंट झपाट्याने बदलतात.

म्हणजे आपला पल्स ज्या क्षणी चालू असायलाच हवा, नेमक्या त्याच क्षणी यंत्राभोवतीचं भटकं चुंबकीय क्षेत्र सगळ्यात वेगाने बदलत असतं. डमी लोडच्या टेस्टमध्ये हा क्षण येतच नाही. ग्राइफ्सवाल्डच्या वेंडेलस्टाइन ७-एक्सवर १४० गिगाहर्ट्झचे जायरोट्रॉन आहेत, पण ते स्टेलरेटर आहे, म्हणजे बाहेरच्या कॉइल्सनीच प्लाझ्मा कोंडणारं यंत्र. तिथे प्लाझ्मा मायक्रोवेव्हनेच सुरू होतो, ओहमिक ट्रान्सफॉर्मरची गरज पडत नाही आणि हा विशिष्ट धक्काही बसत नाही. आपल्याला मात्र त्याच्यासोबतच काम करायचं आहे.

धक्का किती मोठा असतो ते एकदा कागदावर मांडून बघा. समजा पॅनेलच्या जागी भटकं क्षेत्र १० मिलिसेकंदांत १ मिलिटेस्लाने बदललं, म्हणजे सेकंदाला ०.१ टेस्ला. सिग्नल केबल २० मीटर लांब, तिच्यापासून १ मीटरवरून अर्थिंगची पट्टी गेलेली, आणि केबलची शील्ड दोन्ही टोकांना अर्थिंगला बांधलेली. लूपचं क्षेत्रफळ २० चौरस मीटर झालं. त्यात २ व्होल्ट तयार होतात. ज्या कंपॅरेटरचा (सिग्नल ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की ट्रिप देणाऱ्या सर्किटचा) सेटपॉइंट १ व्होल्ट आहे तो यावर हमखास ट्रिप होणार, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

पडद्यावरच्या क्रमावरून निष्कर्ष काढू नका

या दुखण्यात सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. पडद्यावर सगळ्यात वर दिसलेला अलार्म सगळ्यात आधी घडलेला असेल असं आपण धरून चालतो. पीएलसी (औद्योगिक कंट्रोलर) स्कॅनच्या सुरुवातीला सगळे इनपुट एकदम वाचते. स्कॅन १० मिलिसेकंदांचा असेल आणि त्या अवधीत चार इनपुट बदलले, तर चौघांना एकच वेळ मिळते. पुढे यादी टॅगच्या नावाने किंवा पत्त्याने लागते. पाण्याचा फ्लो स्विच पहिल्या कार्डाच्या पहिल्या टर्मिनलवर असेल तर तो कायम वरच दिसेल आणि पाण्याच्या टीमला कायम फोन जाईल.

शिवाय एक ट्रिप खरा असला तरी तो बाकीच्यांना जन्म देतो. क्रोबार फायर झाला की ५० किलोव्होल्ट काही मायक्रोसेकंदांत शून्यावर येतात. हाय व्होल्टेज केबलची धारिता मीटरला १०० पिकोफॅरड धरली तर १०० मीटरला १० नॅनोफॅरड होते. ती ५ मायक्रोसेकंदांत रिकामी व्हायची तर १०० अँपिअर वाहायला हवेत. हा करंट १ मायक्रोसेकंदात चढला आणि वाटेतल्या अर्थिंग पट्टीचा इंडक्टन्स ३ मायक्रोहेन्री असला, तर पट्टीच्या दोन टोकांत क्षणभर ३०० व्होल्ट उभे राहतात. त्या क्षणानंतर आलेल्या अलार्मांना पुरावा म्हणून काही किंमत नाही.

म्हणून पहिलं काम फर्स्ट फॉल्ट कार्डाचं. सगळ्या फास्ट ट्रिपचे कंपॅरेटर एका एफपीजीएवर (हवं तसं लॉजिक बसवता येणाऱ्या चिपवर) आणा, प्रत्येकाला एकाच घड्याळाची वेळ द्या, १०० नॅनोसेकंदांचं रिझोल्यूशन पुरे. पहिला ट्रिप आला की तो लॅच व्हावा आणि पुढचे सगळे आपापल्या वेळेसकट नोंदले जावेत. फायबरमध्ये प्रकाशाला मीटरमागे ५ नॅनोसेकंद लागतात. एका चॅनेलचा फायबर १०० मीटरचा आणि दुसऱ्याचा ५ मीटरचा असेल तर ही तफावत वजा करूनच क्रम ठरवा. संगणकाचं काम ही नोंद उचलून डेटाबेसमध्ये टाकण्याचं. ट्यूब वाचवण्याच्या साखळीत संगणक नसावा. इटरमध्येही नेहमीचं कंट्रोल, यंत्राचं संरक्षण करणारी इंटरलॉक सिस्टिम आणि माणसांची सुरक्षा हे तीन वेगळे थर ठेवले आहेत, आणि त्यामागचा विचार मला पूर्ण पटतो. कंट्रोल सॉफ्टवेअर एपिक्स असो की लॅबव्ह्यू, पडदा गोठला तरी ट्रिप व्हायलाच हवा.

कार्ड तयार होईपर्यंत एक चाळणी फुकट मिळते: भौतिकशास्त्र. कॅव्हिटीच्या पाण्याचा फ्लो एका मिलिसेकंदात शून्यावर येऊन परत पूर्ण झाला असं लॉगमध्ये दिसत असेल, तर ते पाण्यात घडलेलं नाही, तारेत घडलेलं आहे. पाइपातल्या एवढ्या पाण्याला इतक्या लवकर थांबता येत नाही. जायरोट्रॉनच्या अतिसंवाहक चुंबकाचा इंडक्टन्स २० हेन्री असेल आणि त्याचा करंट १ मिलिसेकंदात १ अँपिअर हलला असं रीडिंग आलं, तर त्यासाठी २०,००० व्होल्ट लागले असते. ते कुठे आहेत? फिलामेंटचं तापमानही सेकंदांच्या हिशेबाने बदलतं. या तिघांचा मिलिसेकंदातला अलार्म सरळ विद्युत गडबडीच्या खात्यात टाका. आयन पंपाचं तसं नाही. ट्यूबमध्ये खरोखर गॅस सुटला तर त्याचा करंट झटकन चढतो, आणि सिग्नल मायक्रोअँपिअरमधला असल्याने पिकअपही (बाहेरून तारेत घुसलेला खोटा सिग्नल) आधी त्यालाच लागतो. त्यामुळे आयन पंपाच्या अलार्मचा निकाल घाईने लावू नका.

सेटपॉइंट वाढवण्याआधी

अशा वेळी दोन उपाय लगेच सुचवले जातात: फिल्टर वाढवा, नाही तर जंपर मारा. जंपरबद्दल फार बोलण्याची गरज नाही. लाइव्ह ट्यूबवर आर्क, ओव्हरकरंट किंवा पाण्याचा इंटरलॉक बायपास करायचा नाही, एका शॉटपुरताही नाही. ट्यूब परदेशातून येते, यायला वर्ष वर्ष लागतं, आणि फुटलेली विंडो इथे दुरुस्त होत नाही.

फिल्टरचा हिशेब मात्र समजून घ्यावा. आर्क झाल्यास ट्यूबमध्ये जाणारी ऊर्जा १० ज्यूलच्या आत ठेवायची हा या क्षेत्रातला नेहमीचा नियम आहे. आर्कचं व्होल्टेज १०० व्होल्ट आणि फॉल्ट करंट १ किलोअँपिअर धरा. १० मायक्रोसेकंदांत पुरवठा तुटला तर आर्कमध्ये १ ज्यूल गेला. कुणी कंपॅरेटरमागे १०० मायक्रोसेकंदांचा फिल्टर टाकला की एकट्या फिल्टरनेच १० ज्यूल खाल्ले. त्यात केबलमध्ये साठलेली ऊर्जा वेगळी: १० नॅनोफॅरड आणि ५० किलोव्होल्टला ती १२.५ ज्यूल होते. म्हणूनच ट्यूबच्या तोंडाशी सिरीज रेझिस्टर असतो, तिचा बराचसा भाग तो पचवतो. थोडक्यात, फास्ट चॅनेलला १ मायक्रोसेकंदाचा फिल्टर चालेल, १०० चा नाही. फास्ट चॅनेलमध्ये काहीही बदललं, एखादा कपॅसिटर जरी, तर वायर टेस्ट पुन्हा करा: ट्यूबच्या जागी ठरलेल्या लांबी-जाडीची बारीक तांब्याची तार शॉर्ट म्हणून लावायची, पूर्ण व्होल्टेज सोडायचं, तार शाबूत राहिली पाहिजे.

पाण्याच्या चॅनेलला मात्र फिल्टर द्यायला हरकत नाही, कारण वर म्हटल्याप्रमाणे पाणी मिलिसेकंदात थांबत नाही. किती द्यायचा ते ट्यूबच्या कागदपत्रांत दिलेल्या मर्यादेवरून ठरवा, अंदाजाने नको. ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल असेल तर ४ च्या खालचं रीडिंग म्हणजे तार तुटली किंवा ट्रान्समीटर गेला असा वेगळा अलार्म ठेवा. तो कमी फ्लोच्या अलार्ममध्ये मिसळला की पुन्हा तोच गोंधळ.

कोरा शॉट

खरा शोध इथून सुरू होतो. हाय व्होल्टेज बंद, कुलूप घातलेलं, किल्ली तुमच्या खिशात, अर्थिंग रॉड लटकवलेला. पण सगळं इलेक्ट्रॉनिक्स चालू, सगळे सेन्सर जोडलेले. आता टोकामॅकच्या टीमला सांगा: फक्त कॉइल्स चालवा, गॅस नको, प्लाझ्मा नको. आमच्याकडे याला कोरा शॉट म्हणतात. प्रत्येक फास्ट चॅनेलचा कंपॅरेटरआधीचा अ‍ॅनालॉग सिग्नल सेकंदाला किमान १० लाख सॅम्पलने रेकॉर्ड करा, प्री-ट्रिगर बफर ठेवा, आणि त्याच रेकॉर्डमध्ये ओहमिक ट्रान्सफॉर्मरचा करंटही घ्या. तो वेगळ्या डिजिटायझरवर नको, त्याच घड्याळावर हवा.

मग आकार बघा. पिकअपचा आकार ओहमिक करंटच्या उतारासारखा असेल, म्हणजे करंट वेगाने बदलतो तिथे मोठा आणि करंट स्थिर झाला की शून्य, तर ते चुंबकीय प्रेरण आहे आणि कुठेतरी बंद लूप आहे. खात्री करायची तर ट्रान्सफॉर्मर उलट दिशेने चालवायला सांगा. पिकअपचं चिन्ह उलटलं पाहिजे. पिकअप टोकदार काट्यासारखा असेल आणि थायरिस्टर किंवा स्विच उघडण्याच्या क्षणीच येत असेल, तर तो केबलमधून किंवा अर्थिंगमधून वाहत आलेला कॉमन मोड (दोन्ही तारांवर एकदम आलेला) सिग्नल आहे. दोन्हींवर उपाय वेगळे. पहिल्यासाठी लूप तोडावा किंवा लहान करावा लागतो, फेराइटचा तिथे उपयोग नाही. दुसऱ्यासाठी फेराइट, कॉमन मोड चोक आणि डिफरन्शियल इनपुट कामाला येतात.

दुसरी टेस्ट याच्या उलट: टोकामॅक पूर्ण बंद, डमी लोडवर पल्स, आणि मुद्दाम क्रोबार फायर करायचा. यात कुठले चॅनेल हलतात ती यादी ठेवा. ती तुमची क्रोबारनंतरची रांग. शॉटमधल्या ट्रिपची यादी आली की त्यातून ही वजा करा. उरतं ते विचार करण्याजोगं.

क्लॅम्प अ‍ॅमीटर असेल तर कोऱ्या शॉटमध्ये तो एकेका तारेवर न लावता अख्ख्या केबलवर, शील्डसकट, लावा. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना रद्द करतात, म्हणून नीट केबलवर शून्य दिसायला हवं. काही दिसलं तर तेवढा करंट दुसऱ्या वाटेने परत जातोय, आणि ती वाट शोधायची.

आर्क डिटेक्टर

आर्क डिटेक्टर म्हणजे विंडोकडे बघणारा फायबर, पलीकडे फोटोडायोड आणि कंपॅरेटर. फायबर आहे म्हणून याला पिकअप होणार नाही असं समजू नका. फोटोडायोडमागचा अ‍ॅम्प्लिफायर तांब्यावरच चालतो. आणि इथे आणखी दोन संशयित आहेत. ट्रान्समिशन लाइनच्या टोकामॅककडच्या बेंडवर बसवलेल्या डिटेक्टरला प्लाझ्माचा प्रकाशच दिसू शकतो. आणि सुरुवातीच्या कमी घनतेत रनअवे इलेक्ट्रॉन (बेलगाम वेग घेतलेले) तयार झाले तर त्यांच्या हार्ड एक्स-रेमुळे फायबर स्वतःच उजळतो.

वेगळं करण्याची पद्धत सोपी आहे. विंडोच्या बाजूचं फायबरचं तोंड काळ्या टोपीने बंद करा आणि हाय व्होल्टेज बंद ठेवून प्लाझ्मा शॉट घ्या. ट्रिप गेला तर खरा प्रकाश येत होता. ट्रिप राहिला तर फायबर रिसीव्हरपाशी काढा आणि रिसीव्हरच्या तोंडावर टोपी घाला. आता गेला तर दोष फायबरमध्ये, म्हणजे एक्स-रे. तरीही राहिला तर इलेक्ट्रॉनिक्समध्ये. प्रकाश प्लाझ्माचा निघाला तर डिटेक्टरची दृष्टी वळवा किंवा परावर्तित पॉवरशी कोइन्सिडन्स लावा, म्हणजे दोन्ही एकदम आले तरच ट्रिप. तोही फक्त टोकामॅककडच्या डिटेक्टरला. ट्यूबच्या विंडोवरच्या डिटेक्टरचा ट्रिप एकट्याच्या भरवशावर चालू राहिला पाहिजे.

आमच्याकडे काय निघालं

आमच्या केसमध्ये कोऱ्या शॉटचा पिकअप हुबेहूब ओहमिक करंटच्या उतारासारखा होता आणि दिशा बदलल्यावर चिन्हही बदललं. म्हणजे लूप होता. पॅनेलमधली प्रत्येक शील्ड एकाच टोकाला बांधलेली होती, ड्रॉइंगही बरोबर होतं. तरी लूप होता.

जायरोट्रॉन आणि टोकामॅकचं व्हेसल यांच्यामध्ये वेव्हगाइडमध्ये (मायक्रोवेव्ह नेणाऱ्या धातूच्या नळीत) डीसी ब्रेक असतो. मायक्रोवेव्ह त्यातून जाते, करंट जात नाही. शॉटमध्ये व्हेसलचं पोटेन्शियल हलतं, ते ट्यूबपर्यंत येऊ नये म्हणून तो असतो. आमचा डीसी ब्रेक उत्तम अवस्थेत होता. पण त्याच्या पलीकडे, व्हेसलच्या बाजूला, एक डायरेक्शनल कपलर (परावर्तित पॉवर मोजायला तिचा छोटा नमुना काढणारा भाग) होता. त्याचा डिटेक्टर डायोड थेट वेव्हगाइडच्या फ्लँजवर स्क्रू केलेला आणि त्याची कोअ‍ॅक्स केबल अलीकडे येऊन आमच्या पॅनेलच्या अर्थिंगला जोडलेली. कोअ‍ॅक्सच्या बाहेरच्या जाळीने डीसी ब्रेकला वळसा घातला होता. व्हेसलपासून कपलर, कोअ‍ॅक्स, पॅनेल, इमारतीचं अर्थिंग आणि परत व्हेसल, असा लूप. परावर्तित पॉवरचा चॅनेल स्वतः ट्रिप होत नव्हता, त्याचा सेटपॉइंट बराच वर होता. त्याच पॅनेलच्या अर्थिंग पट्टीवर बसलेला आयन पंपाचा मायक्रोअँपिअर अ‍ॅम्प्लिफायर आधी हलायचा, तो हाय व्होल्टेज पाडायचा, आणि मग बाकीचे लाल दिवे लागायचे.

डायोडनंतरचा सिग्नल अर्ध्या सेकंदाचा सपाट पल्स असतो, त्यामुळे तिथे कपॅसिटरवाला डीसी ब्लॉक चालत नाही. दोन मार्ग उरतात. डायोडच्या आधी, वेव्हगाइडच्याच बाजूला, मायलारचा पातळ पत्रा आणि इन्सुलेटेड बोल्ट घालून फ्लँज वेगळा करायचा. नाही तर डायोडचा सिग्नल तिथल्या तिथे बॅटरीवरच्या व्होल्टेज-टू-फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टरने फायबरवर चढवायचा. दुसरा मार्ग महाग आहे, बॅटरीची काळजी घ्यावी लागते, पण मी तोच सुचवेन. मायलार फ्लँजच्या कडेने मायक्रोवेव्ह गळते का ते तपासत राहावं लागतं, आणि बोल्टचा इन्सुलेटर हरवला की पुढचा माणूस साधा बोल्ट लावतो.

पुन्हा पुन्हा का येतं

कारण डीसी ब्रेक ओलांडणारी गोष्ट एकच नसते. वेव्हगाइडचं तापमान बघायला कुणी मेटल क्लिपने आरटीडी (तापमानाचा सेन्सर) लावतो. थंड पाण्याचा होज बदलताना स्टोअरमध्ये मिळाला तो स्टीलच्या जाळीचा लावला जातो. व्हॅक्यूम गेजची केबल अलीकडच्या कंट्रोलरला जोडली जाते. यातलं एकही काम चुकीचं दिसत नाही, आणि प्रत्येकाने ब्रेकला नवा वळसा पडतो.

ते मल्टिमीटरने पकडता येत नाही, हे नव्या लोकांनी लक्षात ठेवावं. ब्रेकच्या दोन बाजू जमिनीखाली अर्थिंग ग्रिडमध्ये भेटलेल्याच असतात, त्यामुळे मीटर कायम एक ओहमच्या आतलं काहीतरी दाखवतो, वळसा असो वा नसो. त्याऐवजी आयसोलेटेड जनरेटरने ब्रेकच्या दोन बाजूंमध्ये १ किलोहर्ट्झचा थोडा करंट सोडा आणि ब्रेक ओलांडणाऱ्या प्रत्येक केबल, होज आणि पाइपवर क्लॅम्प फिरवा. ज्याच्यावर रीडिंग येईल तो वळसा.

आम्ही आता ब्रेकपाशी वेव्हगाइड आणि त्याच्यासोबत ओलांडणाऱ्या सगळ्या केबल आणि होजना एकत्र वेढणारी एक रोगोव्स्की कॉइल (आतून जाणारा एकूण करंट मोजणारी) कायमची बसवली आहे. तिचा इंटिग्रेटर पुरेसा संथ हवा, १० मिलिसेकंदांचा बदल त्याला नीट दिसला पाहिजे. तिचा सिग्नल प्रत्येक शॉटला फर्स्ट फॉल्टच्या नोंदीशेजारी साठवला जातो. सकाळी फिलामेंट तापत असतो, तेवढ्या वेळात १ किलोहर्ट्झची टेस्ट करून आकडा लॉगबुकात लिहायचा. आकडा कालच्यापेक्षा वाढला असेल तर हाय व्होल्टेज देण्याआधी लाइनवर जाऊन काल कुणी काय जोडलं ते बघायचं.